नानांची सिस्टिम आणि अक्कांची वेल

नानांना नुसतं 'पाणी' असं म्हणताच यायचं नाही. पाण्याच्या पुढे किंवा मागे आकडा लागायचाच. मी बँकेत बदली होऊन धुळ्याहून जळगावला आले आणि पिंप्राळ्यात त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला गेले, तेव्हा लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, असलं घरमालकी काहीएक त्यांनी विचारलं नाही. माझ्या वेणीकडे बघत म्हणाले, "केस बरेच लांब आहेत. धुवायला किती लिटर लागतं?"

मी म्हटलं, "मोजलं नाही कधी."

"मोजा," नाना म्हणाले. "मग किल्ली देतो."

मी मोजणार होते थोडीच! दुसऱ्या दिवशी जाऊन 'एक बादली' अशी बिनदिक्कत थाप मारली. नानांनी बादली केवढी ते विचारलं, तिथेही एक थाप मारली आणि किल्ली घेतली. पुढे मी त्या घरात चांगली चार-पाच वर्षं राहिले. वरून बादली भरण्याचा आवाज जास्त वेळ आला की खालून जिन्यात हाक यायची, "धुळेकर, झालं की नाही?" माझं आडनाव धुळेकर नाही. पण नानांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

नाना मूळचे जामनेरकडचे. घरची केळी आणि कपाशी, पण शेतात रमायच्या आधीच ते ठिबक सिंचनाच्या कंपनीत लागले आणि सगळी नोकरी गावोगावच्या केळीबागांना नळ्या अंथरण्यात गेली. अख्ख्या तालुक्याला पाटाच्या पाण्यावरून ठिबकवर आणलं, असं त्यांचं म्हणणं. यातलं निम्मं तरी खरं असावं, कारण बाजारात त्यांना बघून म्हातारे शेतकरी अजून थांबायचे आणि नाना तिथेच रस्त्यात त्यांच्या विहिरीची चौकशी करत बसायचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खाली पायजमा, आणि सदऱ्याच्या खिशाला कायम एक टाचणी खोचलेली. नळीतून थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या ड्रिपरच्या बारीक भोकात क्षार साचला की तो काढायला ही टाचणी. नोकरी संपली तरी टाचणी उतरली नाही. गॅसचा बर्नर, मिठाची डबी, शेजाऱ्यांच्या कूलरची नळी, जिथे जिथे भोक बुजेल तिथे तिथे नाना टाचणी घेऊन हजर. कोणी बोलावलंच पाहिजे असंही नव्हतं.

निवृत्त झाल्यावर या माणसाला नळ्या अंथरायला वावरच उरलं नाही. भावांनी शेत वाटून घेतलं होतं आणि नानांनी आपला हिस्सा विकून हे घर बांधलं होतं. राहता राहिल्या अक्कांच्या कुंड्या.

अक्का म्हणजे त्यांची बायको. सोनगीरच्या. ठेंगण्या, गोऱ्या, सतत कशाला तरी हसणाऱ्या. शेजारणींशी अक्का आपल्यासारखंच मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा मन भरून आलं की थेट अहिराणीवर उतरायच्या. मग नाना गप्प व्हायचे. अक्कांना घरात झाडं लागायची. हॉलमध्ये सोफ्याशेजारी रबर प्लांट, टीव्हीमागून वर चढलेलं मनी प्लांट, देव्हाऱ्याशेजारी कसलंसं ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं झुडूप, आणि स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली खायच्या पानांची वेल. नागवेल. जळगावच्या उन्हात नागवेल जगवणं म्हणजे चेष्टा नाही. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असायचं आणि अक्कांची वेल माठाच्या झिरपत्या पाण्यावर खिडकीच्या गजाला विळखा घालून मजेत असायची. दुपारच्या जेवणानंतर अक्का एक पान खुडून, चुना-कात लावून नानांना द्यायच्या. टपरीवरचं पान नानांनी कधी तोंडात घातलं नाही. म्हणायचे, "तिकडचं पान म्हणजे नुसता चोथा."

ही वेल अक्कांच्या आईने सोनगीरच्या घरी, न्हाणीच्या भिंतीशी लावलेली. आई गेली त्या वर्षी अक्कांनी तिचं एक फाटं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. अक्का रोज सकाळी त्या वेलीशी काहीतरी बोलायच्या. काय ते मी कधी विचारलं नाही.

आणि सोनगीरचं नाव त्या घरात जपूनच काढावं लागायचं. कारण नाना आणि अक्कांचे भाऊ यांच्यात बोलणं नव्हतं. भाऊंच्या मुलीच्या लग्नात, ऐन पंगतीत, नानांनी भाऊंच्या कपाशीचा विषय काढला होता. विहीर तुडुंब होती म्हणून भाऊ पाटाने पाणी सोडत. नाना जिलबीचं ताट पुढ्यात ठेवून वऱ्हाडासमोर म्हणाले, "हा माणूस पिकाला पाणी पाजत नाही, बुडवतो." बरं, मुलीचा बाप लग्नात काय ऐकून घेईल? भाऊ वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "पाव्हना, तुमनं ठिबक म्हनजे सलाईन शे. दवाखानामा लावतस. मनं वावर काय आजारी नही."

सगळी पंगत खो खो हसली. नाना भरल्या ताटावरून उठले. "तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही," असं बोलून एसटी स्टँडवर जाऊन बसले, ते बसलेच. तेव्हापासून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का एकट्या माहेरी जायच्या. नाना त्यांना स्टँडपर्यंत सोडायचे, खिडकीची जागा धरून द्यायचे आणि परत यायचे. अक्का दर वर्षी निघताना म्हणायच्या, "चला ना एखाद वेळी." नाना दर वर्षी बसच्या टायरकडे बघायचे. हे मी स्वतः पाहिलंय आणि दर वेळी त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटलाय.

तर अशा या नानांनी एके दिवशी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. परदेशातली एक बाई सोफ्यावर झोपलीय आणि तिच्या कुंड्यांना आपोआप पाणी मिळतंय. नाना आठवडाभर जमिनीवर नव्हते. एक खोकं मागवलं. त्यात दिव्यांची एक डबी, एक चिमुकला पंप आणि मातीत खुपसायचा एक सेन्सर. नळ्या आणि ड्रिपर त्यांच्याकडे माळ्यावर होतेच, अर्धा एकर भिजेल एवढे. माळ्यावर निळं पिंप चढलं. तिथून काळी नळी निघाली ती ट्यूबलाइटच्या वरून, देव्हाऱ्याला वळसा घालून, लग्नाच्या फोटोच्या मागून, दाराच्या चौकटीवरून स्वयंपाकघरात. अक्का म्हणाल्या, "आता या घरात फक्त बैल बांधायचे राहिले."

नाना त्याला 'सिस्टिम' म्हणायचे. प्रत्येक कुंडीला प्लॉट नंबर पडला. सेन्सर एकच होता आणि तो हॉलमधल्या रबर प्लांटच्या कुंडीत. त्या कुंडीतली माती सुकली की फोनमधून सायरन वाजायचा, पंप सुरू व्हायचा आणि सगळ्या कुंड्यांना पाणी जायचं. माती ओली असेल तोवर सगळं बंद, आणि फोनवर हिरवा ठिपका. मी शंका काढली, "नाना, सेन्सर एका कुंडीत आणि पाणी सगळ्यांना?"

"वावरात काय प्रत्येक झाडाला सेन्सर लावतात?" नाना म्हणाले. "एका जागी मोजायचं, सगळ्या प्लॉटला द्यायचं. तुम्ही बँकेतलं बघा."

मी बँकेतलं बघायला लागले. पण तो सायरन! ॲम्ब्युलन्सचा असतो ना, अगदी तसा. आमच्या गल्लीत एक आजोबा गेले होते आणि आम्ही सगळे दारावर बसायला गेलो होतो. बायका आत, पुरुष ओट्यावर, कोणी कोणाशी बोलत नाही. तेवढ्यात नानांच्या खिशातून सायरन. दोन माणसं 'आता कशाला ॲम्ब्युलन्स' म्हणत उठलीसुद्धा. नाना ताडकन उभे राहिले आणि भर दुःखात मोठ्याने म्हणाले, "काही नाही, काही नाही, रबर प्लांटला तहान लागली." गेलेल्यांची सून पदर तोंडात कोंबून आत पळाली. ती रडत होती असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि अक्का तिकडे निघाल्या. आखाजीही चुकणार होती. बॅग भरून झाल्यावर त्यांनी नानांना स्वयंपाकघरात बोलावलं. मी दळणाचा डबा परत द्यायला आले होते, म्हणून मीही होतेच. अक्का वेलीशेजारी उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज बदलला होता. "बाकी बठ्ठं वाळी गयं तरी चाली," त्या म्हणाल्या. "हाई वेल तेवढी जगाले पाहिजे. मनी मायना हातनी शे."

"अगं, सिस्टिम आहे," नाना म्हणाले.

"सिस्टिम नही. तुम्ही."

नानांनी मान हलवली. अक्का गेल्या आणि त्याच दुपारी नानांनी पहिलं काम काय केलं असेल? माठ हलवला. म्हणे, माठ झिरपतो, ते लीकेज आहे. वेलीला किती पाणी गेलं त्याचा मेळच लागत नाही. सिस्टिमची खरी परीक्षा व्हायची तर वेलीला फक्त सिस्टिमचंच पाणी मिळायला हवं. माठ गेला मागच्या गॅलरीत. मी काही बोलणार तोच नानांनी बोट वर केलं, म्हणून गप्प बसले.

त्यानंतर नानांनी गावाला बोलावणं धाडलं. जुने कंपनीतले लोक, सकाळी फिरायला जाणारी मंडळी, जामनेरचे चुलतभाऊ, रिक्षावाला, गॅसवाला. जो दिसेल तो, "या ना, सिस्टिम बघायला." माणूस आला की आपल्याकडे आधी पाणी द्यायचं असतं. तसं नाना देत. जग आणि ग्लास हॉलमध्येच सोफ्याजवळ ठेवलेले. पाहुणा दोन घोट घ्यायचा, नाना त्याला फोनवरचा हिरवा ठिपका दाखवायचे, आणि ग्लासात पाणी उरायचं. आता, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात उष्टं पाणी कोणी मोरीत ओतत नाही, आणि नाना तर नाहीच नाही. "एक थेंब वाया घालवायचा नाही," असं म्हणत ते उरलेलं पाणी हात लांब करून शेजारच्या कुंडीत रिकामं करायचे. रबर प्लांटच्या. हे करताना ते पाहुण्याला घरटी रोज किती लिटर उष्टं पाणी वाया जातं त्याचा हिशेब सांगत.

सायरन वाजायचा बंद झाला. नाना खूश! "ऐका," ते मला जिन्यात थांबवून म्हणायचे, "काही ऐकू येतंय?"

"नाही."

"मग! सिस्टिम सेट झाली."

अक्का पुण्याहून वेलीचा फोटो मागायच्या. नाना हिरव्या ठिपक्याचा फोटो पाठवायचे. जेवणाचा डबा बाहेरून येई आणि तो हॉलमध्येच उघडे, त्यामुळे स्वयंपाकघरात त्यांचं पाऊलच पडत नव्हतं. फोनवर सगळं दिसतंय तर आत जाऊन काय बघायचं, असा रोखठोक सवाल. मीही सकाळी बँकेत जायची ती दिवेलागणीला परत यायची आणि शनिवार-रविवार धुळ्याला पळायची. मे महिना असा होता की खिडकीला हात लावला तर चटका बसावा.

एका रविवारी मी लवकर परतले. नानांकडे त्यांचे एक जुने साहेब आले होते आणि जगमधलं पाणी संपलं होतं. नाना म्हणाले, "धुळेकर, जरा आतून भरून आणता?" मी आत गेले आणि जग ओट्यावर तसाच ठेवला. वेल खिडकीच्या गजाला होती, पण पापडासारखी. हात लावला तर पान चुरलं आणि बोटाला चिकटलं. मी फक्त हाक मारली, "नाना."

नाना आले. मग नोकरीची सवय म्हणून हात खिशाकडे गेला. टाचणी काढली, ड्रिपर उघडला, भोक बघितलं. स्वच्छ होतं. नळी चेपलीय का बघितलं. नाही. पंप बटण दाबून लावला, तर वेलीच्या कुंडीत टप टप पाणी पडायला लागलं, अगदी बिनचूक. मेलेल्या माणसाच्या तोंडात घालतात तसं. नाना हॉलमध्ये आले. फोनवर हिरवा ठिपका. त्यांनी रबर प्लांटच्या मातीत बोट घातलं, तर बोट मुळापर्यंत आत गेलं आणि चिखलाने भरून वर आलं. रबर प्लांटची खालची पानंसुद्धा पिवळी पडलेली. टीव्हीमागचं मनी प्लांट आणि देव्हाऱ्याशेजारचं झुडूपही माना टाकून होतं, पण हिरव्या ठिपक्यापुढे तिकडे बघतंय कोण!

"या कुंडीला पाणी दिलं कोणी?" नाना पुटपुटले. "पंप तर लागलाच नाही."

साहेबांना बिचाऱ्यांना काय झालंय ते कळत नव्हतं. त्यांनी आपला ग्लास नानांपुढे केला. "बस झालं मला." तळाशी घोटभर पाणी होतं. नानांनी ग्लास घेतला आणि सवयीने त्यांचा हात लांब झाला, कुंडीच्या वर गेला, तिरपा झाला. आणि तिथेच थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एरवी मला हसूच फुटलं असतं, पण त्या वेळी हसवेना. नाना त्या ग्लासाकडे बघत राहिले, मग ते पाणी त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं आणि सोफ्यावर बसले.

साहेब गेल्यावर म्हणाले, "मीच मारली हो. जो आला त्याला सिस्टिम दाखवली, आणि दाखवून दाखवून मारली."

मी त्यांना समजावलं, की नर्सरीतून दुसरी वेल आणू. तीही आणून पाहिली. चांगली टवटवीत होती. नानांनी एक पान खुडलं, चावलं, थुंकलं. "ही ती नाही," म्हणाले. "अक्काला फसवायचं म्हटलं तरी हे पान मला फसवत नाही, तिला काय फसवणार!" मग ते पुढचे काही दिवस मागच्या गॅलरीत माठाशेजारी स्टूल टाकून बसायला लागले. सिस्टिम बघायला आलेल्या माणसांना दारातून परत लावायला लागले. अक्कांचा फोन आला की 'रेंज नाही' म्हणायचे, पिंप्राळ्यात, घराच्या गच्चीवरून टॉवर दिसतोय अशा ठिकाणी.

शुक्रवारी जिन्यात आवाज आला. "उद्या धुळ्याला जाणार ना तुम्ही? मलाही धुळ्यात जरा काम आहे."

"काय काम?"

"आहे जरा," नाना बसच्या टायरकडे बघतात तसं पायरीकडे बघत म्हणाले. "तिथून सोनगीर काही लांब नाही."

मी त्यांना एकटं सोडणार नव्हतेच. धुळ्याला आईला स्टँडवरूनच कळवलं, की जेवायला उशीर होईल, आणि आम्ही पुढची गाडी धरली. नानांनी फोन बंद करून खिशात टाकला होता. घाम पुसत, खिडकीतून हायवे बघत बसले होते आणि सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तसे पायजम्याच्या नाडीशी चाळा करायला लागले. मला म्हणाले, "तुम्ही बोलायला सुरुवात करा. मी नंतर येतो बोलण्यात."

"मी कोण त्यांची? भाडेकरू! काय बोलू?"

"भाड्याचं बोला," नाना म्हणाले. इतके ते घाबरले होते.

भाऊ ओट्यावरच बसले होते, खांद्यावर पंचा, आडव्या अंगाचा गडी. नानांना बघून उठले, पण पुढे आले नाहीत. "या पाव्हना," म्हणाले. "आज वाट चुकनात का?"

नाना बसले. मी बसले. तेवढ्यात आतून वहिनी पाणी घेऊन आल्या. सोनगीरचा लखलखीत तांब्या आणि वर पेला. त्यांनी तो खाली ठेवला आणि झटक्यात हात मागे घेतला, कारण त्यांनाही ते लग्न आठवलं असणार. तांब्या मध्ये, इकडे नाना, तिकडे भाऊ. मला वाटलं, आता हे उठतात की काय.

नानांनी पेला बाजूला सारला. तांब्याच उचलला आणि तोंडाला लावला. गळ्याची घाटी वर-खाली होत राहिली. सदऱ्यावर पाणी ओघळलं तरी थांबले नाहीत. रिकामा तांब्या खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं. भाऊ तांब्या घेऊन आत गेले आणि स्वतः भरून आणला. नाना तोही प्याले. वहिनी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले, उगाच कशाला खोटं बोलू.

मग नाना म्हणाले, "वेल वाळली."

भाऊ बघतच राहिले. "अक्कानी? कशी काय? तुमनी ती सिस्टिम शे ना?"

"सिस्टिम चालू होती. वेल वाळली."

भाऊ आधी मिशीत हसले, मग पंचा तोंडावर घेऊन हसले, मग खांबाला धरून हसले. नानांनी मुकाट्याने सगळं हसू होऊ दिलं. पंगतीतल्या हसण्याने भरल्या ताटावरून उठलेला हा माणूस! हसून झाल्यावर भाऊ म्हणाले, "चला, दखाडस तुमले."

न्हाणीच्या भिंतीशी वेल होती. काय वेल होती! भिंत दिसतच नव्हती. ना नळी, ना सेन्सर. घरातली माणसं आंघोळ करतात ते पाणी तिच्या मुळाशी जातं, बस. मी नानांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. सवयीने घरटी आंघोळीचे लिटर मोजत असणार, पण आवाज बाहेर येऊ दिला नाही.

न्हाणीच्या मागे वावर सुरू होत होतं. उन्हाळी कपाशीची नुकती उगवलेली रोपं होती आणि त्यांच्या ओळींतून काळी नळी गेलेली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नाना थबकले. भाऊंनी मान दुसरीकडे फिरवली.

"हे कधी?" नानांनी विचारलं.

"व्हयनात काही वरीस. विहीर आटनी," भाऊ पायाने ढेकूळ फोडत म्हणाले. "वावर आजारी पडनं, पाव्हना. मंग सलाईन लावनंच पडनं."

आता नाना ऐकवणार, मी मनात म्हटलं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं आज निघणार. पण नाना वाकले, नळीवरचा एक ड्रिपर बोटात धरला आणि म्हणाले, "हा बुजलाय." खिशाची टाचणी काढली, उकिडवे बसले आणि भर उन्हात एकामागून एक ड्रिपर साफ करायला लागले. थोड्या वेळाने भाऊही त्यांच्या शेजारी बसले. वहिनींनी शेवभाजी आणि भाकरी झाल्याची हाक मारली तरी दोघं उठेनात. मला भुकेने कासावीस झालेलं, पण काय करता!

निघताना भाऊंनी वेलीचं मुळासकटचं फाटं ओल्या गोणपाटात बांधून दिलं. "एकच सांगस," म्हणाले, "हिले नळी लावानी नही." नानांनी ते बोचकं वाटभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरने आत काय आहे विचारलं तर म्हणाले, "सासूबाई." कंडक्टर पुढे सरकला आणि परत आमच्याकडे फिरकला नाही.

माठ पुन्हा तिवईवर आला. कुंडी खाली गेली. स्वयंपाकघरातली नळी निघाली, चौकटीवरची भोकं तेवढी राहिली. नाना रोज सकाळी वेलीसमोर उभे राहायचे आणि बोट मातीत घालून बघायचे. एकदा मी त्यांना वेलीशी बोलतानाही पकडलं. मला बघून म्हणाले, "घसा साफ करत होतो."

अक्का पावसाळा लागल्यावर आल्या. मी पेढे खायला खाली गेले होते. नातवाचं कौतुक सांगता सांगता अक्का उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघं मागोमाग. वेल चांगली रुजली होती, नवी फूट आली होती, पण गजाला विळखा घालण्याएवढी कुठली व्हायला! नाना पंख्याकडे बघत होते. अक्का खाली बसल्या. एक कोवळं पान खुडून त्यांनी बोटात चुरलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं. बराच वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"हाई मनी मायनीच शे," त्या म्हणाल्या. "पन हाई ती नही."

अक्का तशाच बसून होत्या, मागे न बघता.

"मना भाऊना घर पानी पिधं?"

"हो," नाना म्हणाले.

"कितलं?"

नानांनी पंख्यावरून नजर काढली आणि अक्कांच्या पाठीकडे बघितलं.

"मोजलं नाही."